सहा तासांचा सत्कार, चार जीबीत

व्यंकटराव सोनटक्के यांना सासऱ्यांची धास्ती होती, आणि तिचं कारण म्हणजे सासरे त्यांना कधीच रागावत नसत.

सासरे रेवणसिद्ध गुरुजी जळकोटचे. सदतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. आवाज असा, की शाळेत प्रार्थनेला माईक लागत नसे. पण जावयाला शब्दानं दुखवायचं नाही हा त्यांच्या घरचा रिवाज, आणि गुरुजी रिवाजाला पक्के. त्यामुळे जावयाच्या हातून काही चुकलं, की ते आपल्या मुलाला, कृष्णराजला, फैलावर घेत. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या जेवणाला व्यंकटरावांचा धक्का लागून तुपाची अख्खी बरणी फुटली. गुरुजी शांतपणे म्हणाले, "असू द्या जावईबापू." मग सोलापूरला मुलाखतीला गेलेल्या कृष्णराजला त्यांनी फोन लावला आणि दहा मिनिटं झापलं. कृष्णराजला तूप कुठलं, बरणी कुठली, काही कळेना. त्यानं सवयीनं "चुकलं अण्णा" म्हटलं आणि तो मुलाखतीला आत गेला.

चौदा वर्षं हे असं चाललं होतं. व्यंकटरावांची इच्छा एवढीच, की सासऱ्यांनी एकदा तरी "चांगलं केलंत" म्हणावं. तेवढं जमत नसेल तर निदान एकदा तोंडावर शिव्या घालाव्यात. या दोन्हींच्या मध्ये लोंबकळणं त्यांना सोसत नव्हतं. आणि म्हणूनच गुरुजींच्या सेवापूर्ती सोहळ्याचं ठरलं तेव्हा भर बैठकीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शूटिंगचं मी बघतो, मामा."

"तुमी?" दैवशाला, म्हणजे गुरुजींची लेक आणि व्यंकटरावांची बायको, घरी आल्यावर म्हणाली. "पोरीच्या वाढदिवसाला फोटो काढायला सांगितलं तर नुसता केक आला. पोरगी कुठंय त्यात?"

व्यंकटरावांनी चपला कोपऱ्यात नीट जोडून ठेवल्या. ते धाराशिवच्या एका सरकारी कार्यालयात अभिलेख शाखेत वरिष्ठ सहायक होते, आणि टीकेला उत्तर न देण्याचं प्रशिक्षण त्यांना तिथं आपोआप मिळालं होतं.

कॅमेरा मिळाला एसटी स्टँडाजवळच्या आयुबभाईंकडून. आयुबभाईंचा फोटो स्टुडिओ जुना, माणूस सज्जन, आणि व्यंकटरावांनी कधीतरी त्यांच्या वडिलांच्या जमिनीची नक्कल एका दिवसात काढून दिलेली. कॅमेरा, स्टँड आणि दोन कार्डं पुढ्यात ठेवून आयुबभाईंनी विचारलं, "साहेब, रेकॉर्डिंग दोनशे चौसष्टमदी लावून देऊ का दोनशे पासष्टमदी?"

"फरक काय?"

"दोन्ही व्हिडिओ दाबून ठिवायच्या पद्धती हैत. चौसष्ट जुनी, कुठंबी चालती. पासष्ट नवी, जागा कमी खाती, पर जुन्या टीव्हीला वळखत न्हाय."

व्यंकटराव विचारात पडले. त्यांच्या नोकरीत मोठा आकडा म्हणजे वरची श्रेणी. चौसष्टवर समाधान मानणारा माणूस चौसष्टवरच निवृत्त होतो. "पासष्ट," ते ठामपणे म्हणाले. "आणि फोर-के."

"टीव्ही पे चलेगा ना?"

"चालणारच."

सोहळा जळकोटच्या मंगल कार्यालयात झाला. आपल्याकडं सेवापूर्ती म्हणजे काय असतं हे ज्यानं पाहिलं त्याला सांगायला नको. ज्या लाल मखमली सोफ्यावर नवरा-नवरी बसतात, त्यावर गुरुजी आणि त्यांच्या पत्नी नागूबाई बसले. आणि मग सत्कार सुरू झाले. सपत्नीक सत्कार. भावकी, पाहुणे, सोसायटी, दूध डेअरी, चार शाळा, तीन माजी विद्यार्थी संघ. प्रत्येक जण येणार, गुरुजींना फेटा बांधणार, शाल पांघरणार, नारळ देणार, फोटोला थांबणार. तो उतरला की फेटा काढायचा, शाल काढायची आणि पुढच्यासाठी डोकं मोकळं करायचं. असे त्र्याऐंशी सत्कार. व्यंकटराव स्टँडवरच्या कॅमेऱ्याच्या वायरीवर पाय रोवून सहा तास उभे होते. कुणाचा तरी पोरगा अडखळून वायर निघेल या काळजीनं ते जेवायलाही गेले नाहीत.

चित्रीकरण सुरू होताना गुरुजी नागूबाईंना एवढंच म्हणाले होते, "शूटिंग चालू हाय. हलू नको." हे वाक्य व्यंकटरावांनी ऐकलं, पण त्याकडे लक्ष दिलं नाही. त्याकडे कुणीच दिलं नाही.

पुढच्या रविवारी ते पहिला अर्धा तास नमुन्यादाखल घेऊन जळकोटला गेले. गुरुजींच्या टीव्हीला लावलं. दीपप्रज्वलनाचा श्लोक खणखणीत ऐकू आला आणि पडदा काळा राहिला. खाली इंग्रजीत ओळ आली, की असला प्रकार इथं चालत नाही.

गुरुजींनी दोन मिनिटं काळ्या पडद्याकडे पाहिलं. "असू द्या जावईबापू," ते म्हणाले, आणि वळले. "कृष्णराज! टीव्ही घेताना बघून घेता येत न्हाय? डोळं गहाण टाकल्ते का?"

टीव्ही गुरुजींनी स्वतः जाऊन आणला होता. कृष्णराज म्हणाला, "चुकलं अण्णा."

मग गुरुजींनी कपाटातून एक डबी आणली. तिच्यात कापसावर एक पेन ड्राइव्ह होता. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात शिक्षकांनी दिलेला, गुरुजींचं नाव कोरलेला, आठ जीबीचा, आणि अजून एकदाही न वापरलेला. "ह्याच्यातच द्या," गुरुजी म्हणाले. "आन् कार्यक्रम अखंड पाहिजे. एकच. तुकडं नकोत, काटछाट नको. उद्या कुणाचा सत्कार राहिला तर तो माणूस माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाय. पुढल्या पुढल्या रविवारी समद्यांना बघायला बोलावतो."

व्यंकटरावांनी दोन्ही हातांनी डबी घेतली. परतीच्या एसटीत नळदुर्गपासून तुळजापूरपर्यंत त्यांनी ती मांडीवर धरून ठेवली होती.

घरच्या संगणकात मूळ चित्रीकरण होतं एकशे बासष्ट जीबी. पेन ड्राइव्ह आठ जीबीचा. एवढी वजाबाकी व्यंकटरावांनाही जमली. पण आयुबभाईंनी डबी उघडून पाहिली आणि जखमेवर मीठच चोळलं. "आठ दिसतात, साहेब. पर ह्या जुन्या पेन ड्राइव्हला चार जीबीच्या वरची एक फाईल गिळता येत न्हाय. पेन ड्राइव्हच दुसऱ्या पद्धतीनं तयार करून देईन, तर मामांचा टीव्ही त्याला वळखनार न्हाय. दोन तुकडे करा, मामला खतम."

"तुकडे नाहीत."

"मग चौसष्टच्या पद्धतीनं सहा तास चारमदी दाबावे लागतील. ऐका. चित्र लहान ठिवा. अन् कॉम्प्युटरला सावकाश करू द्या, दोन दिवस लागले तर लागू द्या. घाई केली की चेहरे फुटतात."

दोन्ही सूचना व्यंकटरावांनी कागदावर लिहून घेतल्या. लिहून घेतलं की काम झालं असं वाटणं हा अभिलेख शाखेचा जुना आजार आहे.

पहिली सूचना त्यांनी घरी येताच बाद केली. मामांचं चित्र लहान करायचं? सदतीस वर्षांच्या सेवेनंतर? त्यांनी यादीत 'फुल एचडी' निवडलं. दुसरी सूचना पाळायची होती, पण घरचा संगणक लॉकडाऊनमध्ये पोरीच्या तासांसाठी घेतलेला, अगदी अशक्त. त्यानं अंदाज सांगितला एकतीस तास. मग त्यांना कार्यालयातला नवा संगणक आठवला.

संगणक सांभाळणाऱ्या श्रीदेवी मॅडम म्हणाल्या, "बाहेरचं काही जोडायचं नाही असं परिपत्रक आहे. साहेबांची सही आणा." अर्ज केला. साहेबांनी विषय वाचला, 'खाजगी सेवापूर्ती सोहळ्याच्या चित्रफितीचे आकारमान कमी करणेबाबत', आणि चष्मा काढला. व्यंकटरावांना वाटलं, आता खुलासा मागणार. साहेब म्हणाले, "सोनटक्के, तुम्हाला शूटिंग येतं? अहो, मार्चमध्ये मीच निवृत्त होतोय." अर्जावर सही झाली नाही, पण मार्चमधला दुसरा सोहळा व्यंकटरावांच्या गळ्यात पडला.

शेजारी वीरभद्रअप्पा राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि तारेतून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आपला हक्क आहे असं मानणारे. त्यांनी खिडकीतून संगणकाकडे बघत निकाल दिला, "व्यंकटराव, कॉम्प्रेस म्हंजे दाबणं. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं फुगतं. गादीचं बघा." याचा नेमका अर्थ काय, हे व्यंकटरावांनी विचारलं नाही. पण त्यानंतर संगणकाच्या मागच्या बाजूकडे त्यांची नजर वारंवार जाऊ लागली.

शेवटी घरीच काम लावलं. तीस तास होत आले. टक्केवारी पंच्याण्णववर गेली. व्यंकटरावांनी देवाजवळ दिवा लावला, आणि लाइट गेली. देवाजवळचा दिवा तेवढा चालू राहिला.

सगळं पुन्हा पहिल्यापासून. रविवारला तीन दिवस उरलेले. यादीत 'अतिजलद' असा एक पर्याय दिसत होता. आयुबभाईंचा कागद समोर होता. व्यंकटरावांनी तो पालथा घातला आणि 'अतिजलद' निवडलं.

सहा तासांत काम झालं. फाईल तीन पूर्णांक नऊ जीबी. त्यांनी पहिली पाच मिनिटं पाहिली. समई, फुलं, मागचा कापडी फलक, सगळं स्वच्छ. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या भरात त्यांच्या हातून ती चूक झाली, जी अभिलेख शाखेतला माणूसच करू शकतो.

त्यांच्या शाखेत कागदांचे वर्ग असतात. 'अ' म्हणजे कायम जपायचा, आणि 'ड' म्हणजे वर्षभरात नष्ट करायचा. नियमानं नष्ट करण्याला म्हणतात निंदणीकरण. बावीस वर्षांत त्यांना एकही कागद नष्ट करायची परवानगी मिळाली नव्हती. एकोणीसशे एकाहत्तरची डासनिर्मूलनाची पत्रंसुद्धा ते सांभाळून होते. इथं मात्र संगणक काठोकाठ भरलेला, पाऊल टाकायला तयार नाही, आणि वरिष्ठ कुणी नाही. अंतिम प्रत तयार झाल्यावर मूळ म्हणजे उघड उघड 'ड' वर्ग. त्यांनी एकशे बासष्ट जीबी नष्ट केले, कचरापेटीही रिकामी केली, आणि आयुष्यातल्या पहिल्या निंदणीकरणाच्या समाधानात गाढ झोपले.

शनिवारी दुपारी खात्री म्हणून ते आयुबभाईंकडे गेले. तिथल्या टीव्हीवर त्यांनी मधूनच कुठंतरी लावलं. पडद्यावर दूध डेअरीचा सत्कार चालू होता. निदान आवाजावरून तरी तो दूध डेअरीचा होता. दिसत होते ते रंगीत चौकोन. गुरुजींच्या खांद्यावर डोक्याच्या जागी भगवे, पांढरे, गुलाबी ठोकळे सरकत होते.

"अरे रे रे," आयुबभाई म्हणाले. "अतिजलद केलं?"

व्यंकटरावांनी मान हलवली.

"क्या है ना साहेब, जे हलत न्हाय ते कॉम्प्युटर एकदा लिहून ठिवतो, अन् मग त्याला काम न्हाय. जे हलतं ते दर वेळी नव्यानं लिहावं लागतं. तुमच्याकडं त्र्याऐंशी फेटे हलले. अन् लिहायला जागा दिली तुमी चार जीबी." मग त्यांनी धीर दिला. "मूळ हाय ना? मी करून देतो रातच्याला."

व्यंकटराव पेन ड्राइव्ह काढून डबीत कापसावर नीट ठेवू लागले. आयुबभाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग कपाटातल्या कार्डांकडे पाहिलं. "कार्डं तर येडशीच्या लग्नात भरली," ते हळूच म्हणाले, आणि न विचारता चहा मागवला.

रविवारी जळकोटच्या एसटीत व्यंकटरावांनी आजारी पडण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना साधी मळमळसुद्धा झाली नाही. "सांगून टाका अण्णांना आधीच," दैवशाला म्हणाली. "मामा रागावणार नाहीत," व्यंकटराव म्हणाले, आणि याचंच त्यांना रडू येत होतं. माणसाचा आयुष्यातला एकुलता एक मोठा दिवस आपण पुसून टाकला, आणि तो माणूस आता म्हणणार, असू द्या जावईबापू.

घरात पन्नास माणसं होती. अंगणात चपलांचा ढीग. कृष्णराज चुरमुऱ्याच्या ताटल्या फिरवत होता. नागूबाई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकून बसल्या होत्या, बोलावलं तर उठता यावं अशा बेतानं. व्यंकटरावांनी डबीतून पेन ड्राइव्ह काढला, पण तो टीव्हीत घालायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

समई दिसली. टाळ्या पडल्या. मग पहिला सत्कार आला.

"ह्यो कोन?" कुणीतरी विचारलं.

"म्या हाय की!" भावकीतले एक आजोबा म्हणाले, आणि पुढं सरकून पडद्याला डोळे लावले. "फेटा माझाच हाय. तोंड कुठंय?"

मग हलकल्लोळ झाला. जो तो आपलं तोंड शोधू लागला. सोसायटीचे चेअरमन तीन चौकोनांत वाटले गेले होते. माजी विद्यार्थी संघ तर एकाच हिरव्या ठोकळ्यात मावला होता. गुरुजी आरामखुर्चीत ताठ बसून बघत होते. व्यंकटराव कपाटाला चिकटून उभे होते आणि पुढच्या क्षणी कृष्णराजवर पडणाऱ्या हाकेची वाट बघत होते.

"पर आत्याबाई बगा की," मागून एक बाई म्हणाली. "कशा सोच्छ दिसायल्यात."

सगळ्यांनी पाहिलं. खरंच होतं. त्या चौकोनांच्या गर्दीत, लाल सोफ्याच्या उजव्या टोकाला, नागूबाई लख्ख दिसत होत्या. नाकातली मोरणी, कपाळावरचं कुंकू, इरकलीच्या काठाचा धागान् धागा. सहा तास त्या हलल्या नव्हत्या. सांगितलं होतं म्हणून. हळूहळू खोलीतलं बोलणं कमी झालं, कारण आता पडद्यावर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. लोक नागूबाईंना बघू लागले. सुकलेले ओठ. समोरच्या टेबलावर पाण्याची बाटली, आणि तिच्याकडे जाऊन परत येणारी नजर. आपल्याच आईकडे इतका वेळ एकटक आपण कधी पाहिलं, हे दैवशालाला आठवेना.

गुरुजींच्या भाषणापर्यंत व्यंकटरावांनी फाईल पुढं सरकवली. गुरुजी माईकशी हात उडवत बोलत होते, म्हणून ते नुसते ठोकळे होते. आवाज मात्र खणखणीत. संस्थेचे आभार. केंद्रप्रमुखांचे आभार. शिपायाचे. रोज फाट्यावर गाडी थांबवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे. शाळेच्या अंगणातल्या कडुलिंबाचे. आणि प्रत्येक नावाला सोफ्यावरच्या नागूबाई तशाच, खाली बघत.

"आणि शेवटी," टीव्हीतले गुरुजी म्हणाले, "जिच्याशिवाय माझी सदतीस वर्षं पार पडली नसती..."

नागूबाईंची नजर वर आली. सहा तासांत पहिल्यांदा त्यांचा हात हलला, आणि त्यांनी पदर नीट केला.

"...ती आपल्या शाळेची घंटा!"

टीव्हीतल्या टाळ्या कडाडल्या. नागूबाईंची नजर होती तिथं परत गेली, आणि हात मांडीवर.

खोलीत कुणी हललं नाही. चुरमुरे चावण्याचा आवाजही थांबला. ती शांतता कृष्णराजला सहन झाली नाही, आणि तो सवयीनं म्हणाला, "चुकलं अण्णा."

"तू गप बस," गुरुजी म्हणाले. मग ते खुर्चीतून उठले आणि कपाटाकडे वळले. "व्यंकट!"

बापू नाही, राव नाही.

"काय भिकार काम करून ठिवलंस रे हे! पन्नास मानसांची तोंडं घालवलीस. कुनी सांगितलं होतं तुला शूटिंग करायला? मूळ कुठंय?"

"पुसलं, मामा."

"गाढव हैस!" गुरुजींचा आवाज अंगणात गेला. पन्नास माणसं दचकली. व्यंकटरावांचे डोळे भरून आले, आणि दैवशालानं नंतर कितीही विचारलं तरी ते दुःखानं भरले होते की सुखानं, हे त्यांना सांगता आलं नाही.

गुरुजींचा श्वास खाली बसला. ते टीव्हीकडे बघत राहिले. "परत लाव," ते हळू म्हणाले. "घंटेच्या आदीपास्नं."

परत लावलं. नजर वर आली, पदर नीट झाला, घंटा, टाळ्या, नजर खाली. गुरुजींनी उंबऱ्याकडे बघायचं टाळलं. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि नागूबाईंच्या बाजूनं वाट काढत स्वयंपाकघरात गेले. आतून भांडी हलल्याचा आवाज आला. मग काहीतरी पडलं. सदतीस वर्षं शाळेतल्या खडूपासून खिळ्यापर्यंत सगळ्याचा ठावठिकाणा ठेवणाऱ्या माणसाचा आवाज आला, "तांब्या कुठं असतोय गं?"

नागूबाईंनी उंबऱ्यावर हात टेकला. मग थांबल्या आणि जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, शूटिंग चालू न्हाय न्हवं? मग हलू का म्या आता?"

"हलू नको!" आतून गुरुजी ओरडले. "पानी आनतोय तुला."

आणखी एक भांडं पडलं. नागूबाई पदर नीट करून बसून राहिल्या.